जुन्या ट्रॅक्टरचा जाम झालेला ड्रेन प्लग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाच्या आधी एकदा आणि भाताची चिखलणी उरकल्यावर एकदा, असे वर्षातून दोनदा ड्रेन प्लगचे, म्हणजे जुनं ऑइल खाली सोडायच्या बुचाचे, हे प्रश्न ठरलेले येतात. इथे महिंद्रा बी-२७५, मॅसी १०३५, एचएमटी, एस्कॉर्ट, फोर्ड अशा पंचवीस-तीस वर्षं किंवा त्याहून जुन्या ट्रॅक्टरांचाच विचार केला आहे. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. घाईत असाल तर निदान ३, ४ आणि ५ वाचून मगच पान्याला हात लावा.

१. ट्रॅक्टरखाली चार-पाच ठिकाणी नट दिसतात. ड्रेन प्लग नेमका कुठला?

या ट्रॅक्टरांना मोटारीसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, गिअर बॉक्स आणि मागचं हाऊसिंग एकमेकांना बोल्टने जोडलेलं असतं, म्हणून खालून बोल्टच बोल्ट दिसतात. रांगेत बसलेले बोल्ट चेंबर (इंजिनखालची ऑइलची परात) किंवा कव्हर धरून ठेवणारे असतात. ड्रेन प्लग बहुधा एकटा असतो, त्या भागाच्या सगळ्यात खालच्या जागी असतो आणि त्याचं डोकं शेजारच्या बोल्टांपेक्षा मोठं किंवा वेगळ्या आकाराचं असतं. इंजिनच्या चेंबरला एक, गिअर बॉक्सला एक, मागच्या हाऊसिंगला एक असे प्लग साधारण सापडतात. मॅसी ३५ आणि १०३५ च्या घराण्यात गिअर, डिफरन्शिअल आणि हायड्रोलिकचं ऑइल एकच असतं. तिथे एकच प्लग उघडून थांबलात तर अर्धं जुनं ऑइल आतच राहतं.

क्लच हाऊसिंगच्या खाली एक बारीक भोक आणि त्यात लोंबकळणारी कॉटर पिन दिसली तर ती ड्रेन प्लग नव्हे. ते भोक मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं. तिथून ऑइल ठिबकत असेल तर आतलं सील गेलंय. भोक बुजवू नका.

२. उलटे आटे असतात का? किती जोर लावला तरी हलत नाही.

ड्रेन प्लगचे आटे सरळच असतात. प्लगच्या डोक्याकडे तोंड करून पाहिलं की घड्याळाच्या उलट दिशेला सैल होतो. गोंधळ होतो तो वरून वाकून, हात खाली घालून पाना लावल्यावर, कारण तेव्हा दिशा उलटी भासते. ट्रॅक्टरखाली पाठीवर झोपा, प्लग नजरेसमोर आणा आणि मग दिशा ठरवा. जाम म्हणून आणलेले काही प्लग उलट्या दिशेने कसून कसून जाम केलेले असतात.

३. प्लग खोलण्याआधी काय बघायचं?

आधी ऑइल भरायचं झाकण किंवा प्लग उघडतो का ते बघा. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण गिअर बॉक्सचा वरचा प्लगही तेवढाच जुना असतो, आणि खालचं ऑइल सांडून गेल्यावर वरचा उघडत नाही असं कळलं तर ट्रॅक्टर ऐन पेरणीत दारात उभा राहतो. लेव्हल बघायचा वेगळा प्लग असेल तर तोही आधीच सैल करून बघा.

मग सुरक्षेचं. जमीन सपाट हवी, ब्रेक ओढलेला, चाकांना दोन्हीकडून दगड, नांगर किंवा रोटाव्हेटर जमिनीवर टेकवलेला. हायड्रोलिकच्या भरवशावर उचललेल्या अवजाराखाली कधीच जाऊ नका. जॅक लावला असेल तर लाकडी ठोकळे द्याच. जाम प्लगला हिसका देताना नुसत्या जॅकवरचा ट्रॅक्टर सरकू शकतो.

इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून बंद करा. कोमट ऑइल पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर पडतं. मात्र दिवसभर नांगरट करून आलेल्या ट्रॅक्टरचा प्लग लगेच खोलू नका, ते ऑइल हात भाजून काढतं.

४. माझ्याकडे मिलिमीटरचे पाने आहेत, पण एकही नीट बसत नाही. जरा सैल चालेल का?

नाही. बहुतेक प्लग गंजाने नव्हे, तर चुकीच्या पान्याने बिघडतात. बी-२७५ ही इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रिटिश कारखान्यातली रचना. महिंद्राने १९६३ मध्ये त्या कंपनीशी भागीदारी करून ती इथे आणली. मॅसीचं मूळही तिकडचंच. म्हणून या ट्रॅक्टरांवर इंचाचे नट सापडतात. उलट एचएमटीने १९७१ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने ट्रॅक्टर सुरू केले, तिथे मिलिमीटर चालतं. त्यात तीस-चाळीस वर्षांत कुठल्या मिस्त्रीने कुठला प्लग बसवला असेल ते सांगता येत नाही, त्यामुळे पुस्तकापेक्षा कॅलिपरने घेतलेल्या मापावर विश्वास ठेवा.

पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, तिथे १९ चा पाना चालून जातो. पंधरा-सोळांश इंच म्हणजे २३.८, तिथे २४ चा बऱ्यापैकी बसतो. पण सात-अष्टमांश इंच म्हणजे २२.२. त्यावर २२ चा चढत नाही आणि २३ चा खुळखुळतो. नेमका इथेच नट गोल होतो. इंचाचा एक पाना विकत आणणं लेथवाल्याच्या बिलापेक्षा स्वस्त पडतं.

पाना सहा पैलूंचा रिंग पाना किंवा गोटी पाना (सॉकेट) हवा. बारा पैलूंचा कडांवर टेकतो, गंजलेल्या नटाला तो झेपत नाही. स्लायडिंग पाना तर या कामासाठी नाहीच. गोटी पान्याच्या तोंडाला आतून थोडा उतार असतो. प्लगचं डोकं पातळ असेल तर त्या उतारामुळे पकड अर्धीच मिळते. अशी एक जुनी गोटी ग्राइंडरवर तोंडाशी सपाट घासून ठेवा, फार कामाची वस्तू आहे.

५. पाना बरोबर आहे, तरी प्लग हलत नाही. कुठून सुरुवात करू?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. प्लगच्या आतल्या टोकाला कायम ऑइल असतं, तिथे गंज धरत नाही. गंज असतो बाहेरच्या एक-दोन आट्यांत आणि डोक्याखाली, जिथे वॉशर बसतो. म्हणजे लढाई पहिल्या अष्टमांश वळशापुरतीच असते. तेवढा सुटला की पुढे बहुतेक वेळा हाताने निघतो. म्हणून ताकद वाढवत नेण्याऐवजी ती पकड मोडण्यावर भर द्या.

डोक्याभोवतीचा वाळलेला चिखल, रंग, ग्रीसची पुटं तारेच्या ब्रशने आणि खिळ्याने कोरून काढा. चिखलाचा थर राहिला तर पाना वरवर बसतो. मग जंग सोडवणारं तेल लावून निदान रात्रभर ठेवा (कसं लावायचं ते प्रश्न ७ मध्ये).

दुसऱ्या दिवशी प्लगच्या डोक्यावर पितळी किंवा लोखंडी रॉड सरळ धरून हातोडीने चार-पाच टणक ठोके द्या. मोठा घण नको. ठोक्याच्या धक्क्याने गंज तडकतो. चेंबर पत्र्याचं किंवा अॅल्युमिनियमचं असेल तर हे करू नका, आणि बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) हाऊसिंगवरही जपून, कारण बीड वाकत नाही, फुटतं.

मग पाना लावून आधी किंचित कसायच्या दिशेने दाबा. हे विचित्र वाटतं, पण केसाएवढा हलला तरी पकड मोडते. त्यानंतर उघडायच्या दिशेने. सलग ओढण्यापेक्षा रिंग पान्याच्या टोकावर हातोडीचे छोटे झटके जास्त उपयोगी पडतात. टायरवाल्याकडची इम्पॅक्ट गन हेच काम करते. ट्रॅक्टर त्याच्या दुकानापर्यंत जात असेल तर पाच मिनिटांत निकाल लागतो.

पाईप लावायचा असेल तर हिशेब डोक्यात ठेवा. एक फुटाच्या पान्यावर १५ किलोचा जोर म्हणजे साधारण ४५ न्यूटन-मीटर. तीन फुटी पाईप चढवून तोच जोर दिला की १३५. इंजिनच्या प्लगला कसताना साधारणपणे पहिल्या आकड्याएवढंही पुरतं. पाईपवर लोंबकळलात तर प्लग तरी सुटेल नाही तर चेंबरचे आटे तरी, आणि कोण सुटणार ते तुमच्या हातात राहत नाही.

६. दरवर्षी ऑइल बदलतो, तरी जाम का होतो?

बहुधा गेल्या वेळी गळू नये म्हणून गरजेपेक्षा जास्त कसलेला असतो, तोही जुनाच वॉशर ठेवून. त्याखालोखाल चिखल. कोकणात आणि भंडारा-गोंदियाकडे चिखलणीला ट्रॅक्टरचं पोट पाण्यात बुडतं. खताची पोती वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर युरिया-पोटॅशची धूळ बसते, ती ओलावा धरून ठेवते. समुद्राकाठची खारी हवा वेगळी. चेंबर अॅल्युमिनियमचं आणि प्लग लोखंडी असेल तर दोन धातूंच्या संगतीने, ओलाव्यात, पांढरी भुकटी धरते आणि ती गंजाइतकीच घट्ट पकडते.

७. डिझेल, रॉकेल की डब्ल्यूडी-४०? नेमकं काय मारायचं?

डिझेल आणि रॉकेल चालतं, वेळ लागतो. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवण्यासाठी बनलेलं आहे, थोडाफार फरक पडतो. जंग सोडवण्यासाठीच विकला जाणारा स्प्रे मिळाला तर तो घ्या. पॉवर स्टिअरिंगसाठी वापरतात ते एटीएफ ऑइल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून बरेच मिस्त्री वापरतात, ते चांगलं झिरपतं. पण अॅसिटोन भडकन पेटतं, त्यामुळे त्या दिवशी गॅसच्या बत्तीचं नाव काढू नका.

खरी अडचण वेगळीच आहे. प्लगचं तोंड खाली असतं आणि मारलेलं तेल जमिनीवर ठिबकतं. म्हणून चिंधी तेलात भिजवून डोक्याभोवती गुंडाळा, वरून प्लास्टिकची पिशवी बांधा आणि दिवसातून दोनदा चिंधी ओली करा. दोन दिवस द्या.

दुसरा उपाय मेणबत्तीचा. प्लग आणि भोवतालची जागा कोरडी पुसून गरम हवेच्या गनने इतकी तापवा की मेणबत्ती टेकवताच वितळेल. मग डोक्याच्या कडेने मेणबत्ती फिरवा. वितळलेलं मेण फटीतून वर ओढलं जातं, जसं दिव्याच्या वातीतून तेल चढतं. प्लग कोमट असतानाच पाना लावा. खालून काम करायचं असताना मला हाच उपाय सगळ्यात भरवशाचा वाटतो, आणि खर्च मेणबत्तीचा.

८. गॅसच्या बत्तीने तापवलं तर चालतं का?

बीडाच्या गिअर बॉक्सला चालतं, बाकी ठिकाणी विचार करून. तापवायचं ते प्लगला नव्हे, भोवतालच्या अंगाला, म्हणजे भोक फुगतं. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, तिथे गरम हवेच्या गनचाही चांगला परिणाम दिसतो. बीड आणि पोलाद जवळजवळ सारखंच फुगतं. तिथे तापवण्याचा फायदा मुख्यतः गंजाची पकड तडकण्यात आहे. पाण्याचा थेंब टाकल्यावर चर्र वाजून उडाला की पुरे. लाल करायची गरज नाही, आणि तापलेल्या बीडावर पाणी ओतू नका, तडा जातो.

पत्र्याच्या चेंबरला, कॉर्क किंवा रबरी पॅकिंगच्या जवळ, रेडिएटरला आणि डिझेल टाकीला बत्ती लावायची नाही. कडब्याच्या गंजीजवळ किंवा गोठ्यात तर हे काम काढूच नका. जवळ वाळूची बादली ठेवा. पेटलेल्या ऑइलवर पाणी मारत नाहीत.

९. नट गोल झाला. आता पाना फिरतो नुसता.

किती गोल झालाय त्यावर आहे. कडा थोड्याच गेल्या असतील तर एक नंबर लहान गोटी हातोडीने ठोकून बसवा. इंच आणि मिलिमीटर दोन्ही संच जवळ असतील तर मधला नंबर हमखास सापडतो. डोकं उंच असेल तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट घासा आणि लहान पाना लावा. पाईप पानाही धरतो, कारण त्याचे दात ओढू तसे आवळत जातात.

छन्नीचा उपाय जुना आणि चांगला. डोक्याच्या कडेजवळ आधी सरळ ठोकून एक खाच पाडा, मग छन्नी तिरपी करून उघडायच्या दिशेने ठोका. पण हे शेवटून दुसरं. एकदा छन्नी लागली की त्या डोक्यावर पुन्हा काहीच बसत नाही.

शेवटचा उपाय म्हणजे डोक्यावर मोठा नट ठेवून आतून वेल्डिंग. नवा नट मिळतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही सुटतो, म्हणून हा उपाय बहुधा यशस्वी होतो. बॅटरीची दोन्ही टोकं काढा आणि अर्थिंगचा चिमटा प्लगच्या अगदी जवळ लावा, नाही तर करंट बेअरिंगमधून जाऊन त्यांना डाग पडतात. काम नेहमीच्या वेल्डरकडूनच करून घ्या, आणि त्याला आत ऑइल आहे हे आधी सांगा.

१०. माझ्या प्लगला बाहेर डोकंच नाही, आत चौकोनी खड्डा आहे.

खड्ड्यातला वाळलेला चिखल आधी पूर्ण कोरा, तो दिसतो त्यापेक्षा खोल असतो. काही खड्ड्यांत रॅचेटचा अर्ध्या इंची चौकोन थेट बसतो. नाही बसला तर लेथवाल्याकडून मापाचा पोलादी चौकोन घासून घ्या आणि त्यावर पाना लावा. षटकोनी खड्डा असेल तर अॅलन की ठोकून पूर्ण खोल बसवा. अर्धवट बसलेली अॅलन की घसरून फिरली तर आतला खड्डा गोल होतो.

११. गिअर बॉक्सच्या चौकोनी डोक्याच्या प्लगला वॉशरच नाही. हरवला का?

बहुधा नाही. चौकोनी डोक्याचे बरेच प्लग निमुळत्या आट्यांचे असतात, नळाच्या फिटिंगसारखे. ते आट्यांवरच घट्ट बसतात, वॉशर लागत नाही. प्लग काढल्यावर पुढचं टोक मागच्यापेक्षा बारीक दिसलं तर तोच प्रकार. असा प्लग जितका कसाल तितका पाचरीसारखा बीडाला फाकवतो, आणि जास्त कसल्याने हाऊसिंगला तडा जाऊ शकतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप लावा आणि साध्या पान्याने बसवा. पहिला आटा मोकळा सोडा म्हणजे टेपचा तुकडा आत पडत नाही. सोडवताना मात्र हा प्रकार नशीबवान: थोडा हलला की लगेच मोकळा होतो.

१२. आधीच्या मालकाने प्लगवर एम-सील थापलंय.

गरम हवेच्या गनने तापवा, असले लेप गरम झाले की मऊ पडतात, मग जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने खरवडा. पूर्ण निघेपर्यंत पाना लावू नका. लेपाखाली बहुतेक वेळा गेलेले आटेच असतात, म्हणून प्रश्न १४ वाचून, बदली प्लग आणि लेथवाल्याची वेळ ठरवूनच हात घाला.

१३. रेडिएटरचा आणि इंजिन ब्लॉकचा पाणी सोडायचा कॉक फिरत नाही.

हा वेगळा प्राणी. पितळी असतो, मऊ असतो आणि पिळून तुटतो. रेडिएटर झाळलेला असतो, बत्तीने झाळ सुटते. कॉकशी झगडू नका. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचा खालचा होज पाईप काढा, पाणी निघून जाईल. ब्लॉकचा कॉक उघडूनही पाणी येत नसेल तर आत क्षार बसलेत. बारीक तार घालून ढवळा, गढूळ पाण्याची चिळकांडी येते. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं घातलेल्या ट्रॅक्टरांत हे नेहमीचं आहे.

१४. प्लग निघाला, पण त्याच्यासोबत चेंबरचे आटेही आले.

धातूची चकचकीत गुंडाळी प्लगवर दिसते तीच ही. आटे वरवर खराब असतील तर त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) हलक्या हाताने फिरवून साफ होतात. पूर्ण गेले असतील तर दोन रस्ते: भोक मोठं करून मोठ्या मापाचा प्लग, किंवा हेलीकॉइल (नव्या आट्यांचं काम करणारी तारेची गुंडाळी) बसवून जुनंच माप. बीडाच्या जाड हाऊसिंगला मोठा प्लग चालतो. पातळ चेंबरला हेलीकॉइल किंवा पितळी बुश बरा. स्वतःच आटे पाडत जाणारे तयार प्लग मिळतात, ते हंगाम निभावायला ठीक.

टॅपच्या खाचांत ग्रीस भरा म्हणजे किस त्याला चिकटतो. शेवटी थोडं स्वस्त ऑइल वरून ओतून खालून वाहू द्या. इंजिनच्या चेंबरमध्ये ड्रिल चालवलं असेल तर चेंबर उतरवून धुणंच योग्य; लोखंडाचा किस ऑइल पंपात गेला तर प्लग वाचवून इंजिन घालवल्यासारखं होईल.

१५. खोलायचाच नाही असं ठरवलं आणि वरून पंपाने ऑइल ओढलं तर?

हंगामात एकदा चालेल. डिपस्टिकच्या भोकातून बारीक नळी घालून ऑइल ओढता येतं, गिअर बॉक्सचं भरायच्या भोकातून. पण तळाचा गाळ, पाणी आणि धातूचा चुरा तिथेच राहतो, आणि ऑइल बदलायचं ते त्यासाठीच. ऑइल दुधाळ दिसत असेल तर पाणी शिरलंय. तेव्हा हा मार्ग बाद.

१६. पुन्हा जाम होऊ नये म्हणून बसवताना काय करू?

आटे डिझेलने धुऊन तारेच्या ब्रशने साफ करा. वॉशर लागणाऱ्या प्लगच्या आट्यांवर कॉपर ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. ग्रीस लावल्यावर तोच जोर जास्त कसतो, म्हणून थोडं कमीच कसा. पहिले चार वळसे हातानेच फिरले पाहिजेत. नाही फिरले तर आटा तिरपा धरलाय.

वॉशर नवा घाला. तांब्याचा नवा नाही मिळाला तर जुना तारेला टांगून लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. पोलाद असं केल्याने कडक होतं, तांबं उलट मऊ पडतं आणि पुन्हा नीट बसतं. चुंबकाचा प्लग असेल तर त्यावरची करडी पेस्ट पुसा. ती नेहमीची झीज आहे. चिमटीत धरता येतील असे तुकडे निघाले तर आधी मिस्त्रीला दाखवा.

१७. डिझेल टाकीचा खालचा प्लग जाम आहे. वरचेच उपाय?

तेल आणि नीट बसणारा पाना, एवढेच. बत्ती नाही, वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ भरलेली असते. सुटला नाही तर टाकी उतरवा आणि वरच्या तोंडातून रिकामी करा.

१८. काढलेलं काळं ऑइल बांधावर ओतलं तर काय बिघडतं?

विहिरीत उतरतं. झाकणाच्या डब्यात साठवा आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्या नोंदणीकृत माणसाला द्या.

१९. जुना ट्रॅक्टर घ्यायचा आहे. प्लगवरून काही कळतं का?

बरंच. टॉर्च घेऊन खाली झोपा. डोक्यावर पाईप पान्याचे दात, छन्नीची खाच किंवा वेल्डिंग दिसलं तर आटे संशयास्पद धरून भाव बोला. प्लगच्या भोवती ताजा रंग आणि बाकी पोट जुनं, हे तर गळती लपवल्याचं लक्षण. आणि डोक्याच्या कडा कोऱ्या करकरीत असून त्यावर वर्षानुवर्षांचा चिखल घट्ट बसलेला असेल, तर त्या गिअर बॉक्सचं ऑइल फार दिवसांत बदललेलं नाही. मालकाच्या समोर वरचा प्लग उघडून बोटाला ऑइल लावून बघा. नकार मिळाला तर तोही हिशेबात धरा.